आज मोजले : दहा

साजगावच्या आमच्या कारखान्याच्या गेटबाहेर एक काळी पाटी टांगलेली आहे. शाळेत असते तशीच, लाकडी चौकटीची, फक्त अंगाने लहान. तिच्यावर रोज सकाळी साडेआठला खडूने एक ओळ लिहिली जाते. 'आज मोजले : दहा.' कधी नऊ, कधी अकरा, एकदा सलग चार दिवस आठ. एवढंच. खोपोलीकडून येणारी माणसं बसच्या खिडकीतून ती ओळ वाचतात आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतात. नवखा कुणी असला तर विचारतो, "कशाचे दहा?" मग ज्याला विचारलं तो, वडापाववाला असो की बांधावरची बाई, त्याला अगदी ऐटीत समजावून सांगतो. ही ऐट या गावाला ज्या माणसाने शिकवली आणि ती पाटी भिंतीवर राहावी म्हणून ज्याने स्वतःची नोकरी पणाला लावली, त्या काशिनाथ बडेकरांविषयी मला लिहायचं आहे. शांतपणे लिहायचं असं ठरवून बसले आहे. पण बडेकरमामांविषयी शांतपणे काही करणं मला कधी जमलेलं नाही, आणि शांत बसणं तर त्यांनाही जमत नव्हतं.

आमच्याकडे भंगार येतं, ते भट्टीत वितळतं आणि त्याचे लोखंडी ठोकळे होतात. मी तिथे लॅबमध्ये केमिस्ट आहे. वितळलेल्या लोखंडाचा नमुना आला की त्यात कार्बन किती, गंधक किती ते बघून भट्टीवाल्यांना कळवायचं, हे माझं काम. मामांचं काम माझ्या आधीचं. भंगार म्हणजे जगाची अडगळ. तिच्यात काय येईल याचा नेम नाही. एखाद्या बंद पडलेल्या दवाखान्यातल्या यंत्राचा तुकडा, कुठल्या तरी कारखान्यातली मापकाची डबी, आणि तिच्यात राहून गेलेला वाटाण्याएवढा किरणोत्सारी पदार्थ. तो भट्टीत गेला की लोखंड, राख, धूर सगळंच नासलं. म्हणून आत येणारा प्रत्येक ट्रक गेटवरच तपासायचा. मामा हातात किरण मोजायचा मीटर धरून ट्रकभोवती फिरायचे आणि मीटर कट्‌… कट्‌… करत राहायचा. पाटीवरचा आकडाही त्याचाच, गेटवर एरवी असणाऱ्या किरणांचा. मीटरला ते 'म्हातारी' म्हणत, कारण तो सारखा काहीतरी पुटपुटत असायचा. "म्हातारी पुटपुटली तर भ्यायचं नाय, म्हातारी वरडली तर भ्यायचं," हे त्यांनी मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं.

मामा कळंबचे. घरची भातशेती, अंगाने काटक, मिशी पांढरी आणि चाल अशी की सोबत चालणाऱ्याला धावावं लागे. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा आणि ते मला बाय म्हणायचे. मीटरसाठी मामींनी जुन्या हिरव्या लुगड्याची झोळी शिवून दिली होती. ती गळ्यात आणि शर्टाच्या खिशात खडू. खिशाला कायम पांढरा डाग. कुणी नवीन दिसलं की त्याच्याकडे बोट करून म्हणायचे, "ऐक तर खरं!" आणि समोरचा ऐकायला तयार आहे की नाही हे न बघताच सुरू व्हायचे.

त्यांना मोजण्याचं वेड होतं. कँटीनमधलं मीठ मोजून झालं, विटा मोजून झाल्या. केळ्यांत थोडे किरण असतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं, तर दुसऱ्या दिवशी डझनभर केळी टेबलावर मांडून म्हातारीला त्यांच्यावरून फिरवलं. म्हातारीने अजिबात दाद दिली नाही. मामा दिवसभर खट्टू होते आणि केळी आम्ही खाल्ली. मग एक दिवस साहेबांच्या केबिनमधलं ग्रॅनाइटचं टेबल मोजलं. पंधरा! बाहेर दहा आणि टेबलाला पंधरा! मामा नाचायचेच बाकी होते. "दगडातच आसतं साहेब ते, काय भ्यायचं नाय," असं त्यांनी साहेबांना दहा वेळा सांगितलं. पण साहेब पुढचे कितीतरी दिवस टेबलापासून खुर्ची हातभर लांब घेऊन सह्या करत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

लोक त्यांना छेडायचे. "मामा, आजचा आकडा काय? लावू का मटक्याला?" मामा म्हणायचे, "दहा लावशील तर भिकंला लागशील." कुणी विचारायचं, "इतकी वर्षं झाली, तुम्हाला खरं असं काय सापडलं?" आणि खरंच, त्यांना कधी काही सापडलं नव्हतं. यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "तुझ्या घरात कधी चोर आलाय? नाय ना? मग दार कशाला लावतोस रं?"

एकदा मात्र म्हातारी ओरडली. तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. भंगाराचा ट्रक गेटवर आला, मामा झोळी सावरत पुढे गेले आणि त्या कट्‌… कट्‌…चा एकदम कर्र आवाज झाला. मामांचा चेहरा बघण्यासारखा होता. भीती होतीच, पण आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो पाहुणा दारात यावा तसे डोळे चमकत होते. "लांब व्हा! समदे लांब!" त्यांनी दोरी बांधली, ट्रक बाजूला मोकळ्या जागेत घेतला, गाठोडंभर साहित्य काढलं. लांब दांड्याच्या चिमट्याने एकेक तुकडा बाहेर काढून मोजणं सुरू झालं. भट्टी थांबलेली. साहेब लाल झालेले. अख्खा ट्रक रिकामा झाला आणि म्हातारी गप्प! पुन्हा ट्रकच्या केबिनजवळ गेले की कर्र. पुन्हा भंगाराजवळ की गप्प. मामा डोकं खाजवत उभे. इतक्यात बिचारा ड्रायव्हर केबिनमधून उतरून दोरीजवळ आला आणि म्हणाला, "मामा, मी जेवून येऊ काय?" आणि म्हातारी किंचाळली.

मामांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "दादा, काल दवाखान्यात गेलेलास काय रं?"

"हो ना. मुंबईला. छातीचा फोटो काढला मशिनीत घालून. आधी एक इंजेक्शन दिलं."

मामांनी कपाळावर हात मारला आणि हसत सुटले. ते इंजेक्शन किरणोत्सारी असतं, हृदयाचा फोटो काढायला देतात, आणि एकदोन दिवसांत अंगातून उतरतं. सगळे हसत होते, पण ड्रायव्हर पांढराफटक पडला. त्याला वाटलं, आपल्या अंगात काहीतरी शिरलंय. मामांचं हसू लगेच थांबलं. त्यांनी त्याला वेगळ्या बाकावर बसवलं, स्वतः चहा नेऊन दिला आणि तासभर त्याच्याशी बोलत राहिले. त्याने कुठल्या दिवशी काय खायचं, घरी तान्हं पोर आहे तर आज त्याला मांडीवर घ्यायचं नाही, परवापासून खुशाल घ्यायचं, सगळं. जाताना ड्रायव्हरने त्यांचे पाय धरले. त्या दिवशी मामांनी पाटीवर लिहिलं, 'आज मोजले : दहा. एका पाहुण्याचे जास्त. पाहुणा ठीक आहे.' साहेब भट्टीचा अर्धा दिवस गेला म्हणून आठवडाभर मामांशी बोलले नाहीत.

आता ती पाटी आली कुठून, हे सांगायला हवं. त्यासाठी मला रशियात जावं लागेल. मामा तिथे कधीच गेले नाहीत, पण रोज जायचे.

गेटवर येण्याआधी मामा वर्षानुवर्षं पाइपांच्या वेल्डिंगचे फोटो काढायच्या कामावर होते. आपल्या हाडांचा एक्स-रे काढतात तसा लोखंडाचा काढायचा, पण किरणोत्सारी गोळी वापरून. त्याच्या परवान्यासाठी मुंबईत शिकायला गेले असताना तिथल्या एका म्हाताऱ्या सरांनी एक अख्खी सकाळ पुस्तक मिटून ठेवलं आणि सोव्हिएत काळातल्या सुरुवातीच्या अणुकारखान्यांची हकिगत सांगितली. सरांनी ती एकदा सांगितली आणि मामांनी हजारदा. नंतर मोबाइल आला, तेव्हा रशियन मजकूर भाषांतर करून वाचायला लागले. त्यात फोटो असायचे. डोक्याला रुमाल बांधलेल्या, नदीकाठी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या. "ही बघ, थेट माझी आत्या," म्हणून ते मला दाखवायचे.

ते हे उभ्याने सांगायचे. कँटीनच्या फरशीवर खडूने नकाशा काढायचे आणि त्यात उडी मारून उभे राहायचे. "ऐक तर खरं! हा समज आपला साजगाव. हितं कारखाना. बॉम्बचा माल बनवायचा कारखाना, नकाशावर नावच नाय त्याचं! आन्‌ ही आपली पाताळगंगा. तिकडं तिचं नाव तेचा. तर यांनी काय केलं? कारखान्यातलं समदं इखारी पाणी दिलं सोडून नदीत. खाली गावं हायत. बाया धुणं धुतायत, गुरं पाणी पितायत, बदकं पोहतायत, पोरं डुंबतायत. येक गाव मेतलिनो, तिथं पाण्यावरची गिरण होती. येक मुस्ल्युमोवो." मुस्ल्युमोवो हे नाव ते इतक्या झोकात उच्चारायचे की ते कर्जतच्या पुढचंच स्टेशन वाटायचं. "पुढं पोलीस आले नि म्हनले, नदीवर जायचं नाय. का? तर ते सांगायचं नाय!"

मग टाकीची गोष्ट. तिथे त्यांचा आवाज खाली यायचा. विषारी कचरा जमिनीखालच्या टाक्यांत भरलेला. तो स्वतःच तापतो, म्हणून टाक्या पाण्याने थंड ठेवाव्या लागत. एका टाकीचं थंड करणं बंद पडलं आणि ते दाखवणारे काटे धड नव्हते. "काटा बिघडलेला गं. काटा! कुनी बघितला नाय. आतलं पाणी आटलं, आन्‌ येक दिवस…" मामा दोन्ही हात वर उडवायचे. "सिमेंटचं भलंथोरलं झाकण भिरकावलं वर! आभाळात रंगीत उजेड. आन्‌ आठ दिसांनी पेपरात काय छापून आलं? आभाळात मेरुप्रकाश दिसला म्हणं, ध्रुवाकडं रातचा दिसतो तो! बघा, किती सुंदर!" हे सांगताना त्यांना राग आणि हसू एकदम यायचं. मग गावं उठवली, गुरं मारली, उभं पीक नांगरलं. आणि तळ्याची गोष्ट. एका तळ्यात कचरा ओतायचे, एका कोरड्या साली तळं आटलं आणि वारा सुटला. "आपलं मोरबे धरण मे महिन्यात तळ दावतं ना? तसं. आन्‌ त्या तळाची धूळ वाऱ्यावर."

अशाच एका दुपारी सुमन फरशी पुसायला आली. सुमन साजगावचीच, ठेकेदाराकडची सफाई कामगार, तोंडाची फटकळ. फरशीवरचा रशिया पुसायचा म्हणून ती बादली घेऊन ताटकळत उभी होती, तेव्हा सगळं ऐकावं लागलं. शेवटी म्हणाली, "त्यांना कुनीच सांगितलं नाय, मामा?"

"नाय."

"मग त्यांनी इचारलं नाय?"

इतक्या वर्षांत ही गोष्ट सांगताना मामा कुठेच अडखळले नव्हते, तिथे अडखळले. सुमनने मेतलिनो आणि मुस्ल्युमोवोवरून फडका फिरवला आणि निघून गेली. मामांनी त्या दिवशी चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ते बसमधून उतरले ते खांद्यावर पाटी घेऊन. कळंबच्या शाळेने टाकून दिलेली, एक कोपरा पिचलेला. थेट लॅबमध्ये येऊन मला म्हणाले, "बाय, रातभर इचार केला. इचारायला आधी म्हाईत पायजे ना, की काय इचारायचं! येरवी किती आसतं तेच ठावं नाय, तर वाढलं हे कसं कळणार?" तेव्हाचे साहेब दिलदार होते. लावा म्हणाले, कुणाला वाचायला वेळ आहे! मामांनी पाटी रस्त्याच्या बाजूला लावली, आत नाही. पहिल्या दिवशी सुमननेच मोठ्याने वाचून दाखवली आणि विचारलं, "दहा म्हंजे चांगलं का वाईट?"

"दहा म्हंजे नुस्ती माती आन्‌ आभाळ," मामा म्हणाले. "कारखाना नव्हता तवापण दहाच."

पुढे दोनेक वर्षांत सगळ्या रस्त्याला ते पाठ झालं. सुमन तर रोज सकाळी झाडू बाजूला ठेवून मामांच्या मागे उभी राहायची आणि म्हातारीचा काटा स्वतः बघायची.

आता मामांची चूक सांगते. ती त्यांनी सगळ्या गावाला सांगितलेली आहे, त्यामुळे मी चुगली करते आहे असं समजू नये.

तो शनिवार होता, सुमन रजेवर होती. भंगाराचा एकही ट्रक येणार नव्हता. सकाळी मामांनी झोळीतून म्हातारी काढली, तर ती मुकी. बॅटरी गेलेली. कोठारात नवी बॅटरी नव्हती, ती सोमवारी येणार होती. त्याच वेळी आत कसली तरी तपासणी चालू होती आणि साहेबांचं बोलावणं आलं. हे साहेब नवे, पुण्याचे, कडक. मामा घाईने पाटीजवळ गेले आणि हाताने नेहमीचं लिहिलं. 'आज मोजले : दहा.'

कुणाचं काही बिघडलं नाही. त्या दिवशीही ते दहाच असणार होतं. पण मामी सांगत होत्या, त्या रात्री ते ताटावरून उठले. रविवारी कळंबहून खोपोलीला येऊन स्वतः बॅटरी शोधली. सोमवारी सकाळी मी गेटवर पोचले तेव्हा पाटीपुढे सातआठ माणसं उभी होती. अक्षर मोठं, ठसठशीत होतं :

'शनिवारी लिहिलेले दहा खोटे. यंत्र बंद होते. मोजले नव्हते. चूक माझी. का. बडेकर. आज मोजले : नऊ.'

मी त्यांच्यावर चिडलेच. "मामा, कुणाला कळलं असतं?"

"त्यांचा काटा बिघडला तवा त्यांनी बी हेच म्हटलं आसंल ना गं," ते म्हणाले. "कुनाला कळतंय. मी त्यांना इतकी वर्सं शिव्या घालतोय आन्‌ मीच…" आयुष्यात पहिल्यांदाच मामा मला म्हातारे दिसले.

अकरा वाजता साहेबांनी बोलावलं. मी बाहेर नमुन्याचा कागद घेऊन उभी होते, म्हणून ऐकलं. "बडेकर, कंपनीच्या भिंतीवर 'खोटे' हा शब्द? उद्या कुणी फोटो काढून फिरवला म्हणजे? आपलं काम ट्रक तपासायचं आहे, गावाला बातम्या द्यायचं नाही. पाटी आजच्या आज काढा. आणि पुन्हा असलं काही केलंत तर घरी बसा."

संध्याकाळी मामांनी स्वतःच्या हाताने पाटी उतरवली. भिंतीवर तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला. पाटी लॅबच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बस धरली.

मंगळवारची सकाळ! अजून आठवली तरी माझ्या अंगावर शहारा येतो. गेटसमोरच्या वडापाववाल्या नामदेवने पहिल्यांदा विचारलं, "आकडा कुठाय?" वॉचमन म्हणाला, काढलाय. नामदेवने तळण थांबवलं. कामाच्या पाळीला येणाऱ्या बायका थांबल्या. दुधाचे कॅन घेऊन चाललेला एक मोटारसायकलवरून उतरला. दहा वाजेपर्यंत तीस-चाळीस माणसं गेटपुढे जमली. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. नुसती उभी. नुसत्या उभ्या राहिलेल्या माणसांची भीती जास्त वाटते.

साहेब बाहेर गेले. मी आणि मामा लॅबच्या खिडकीत. मामांना आतच थांबायचा हुकूम होता.

"काही झालेलं नाही," साहेब म्हणाले. "सगळं नॉर्मल आहे."

पुढे साजगावचे एक म्हातारे उभे होते, टोपीवाले, काठी टेकून. "नार्मल म्हंजे किती?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे… नेहमीसारखं."

"न्हेमी दहा आसतंय. आज किती?"

गर्दीतून सुमनचा आवाज आला, "आकडा वाढला म्हनून पाटी उतरवली काय?" आणि तिच्या मागोमाग चारपाच आवाज. "किती वाढला?" "पाण्यात तर नाय ना गेलं?" "मोजलंय का तुमी?"

मामांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी निळा पडला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "इचारतायत गं!" ते म्हणाले. "बाय, ऐक तर खरं… इचारतायत!"

पंधरा मिनिटांनी साहेब घामाघूम होऊन आत आले. "बडेकर, जा, लिहा तुमचा तो आकडा."

मामा जागचे हलले नाहीत. नोकरी जायची वेळ, आणि हा माणूस अट घालायला उभा राहिला. "लिवतो साहेब. पन येक हाय. ज्या दिशी मोजलं नाय, त्या दिशी 'मोजलं नाय' आसंच लिवनार."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. माणसं अजून तिथेच होती. "लिहा," ते म्हणाले. साहेब वाईट नव्हते. पुढे तेच पाहुण्यांना पाटी दाखवायला न्यायचे.

मामा पाटी डोक्यावर घेऊन धावत गेले. चालत नाही, धावत. गर्दीने वाट दिली. त्यांनी सगळ्यांसमोर म्हातारी काढली, ती कट्‌… कट्‌… करायला लागली, आणि रस्त्यावर इतकी शांतता पसरली की मला खिडकीत तो आवाज ऐकू आला. 'आज मोजले : दहा.' नामदेवने पुन्हा तळण सुरू केलं. म्हाताऱ्यांनी टोपी सारखी केली, "आसं सांगायचं," म्हणाले आणि काठी टेकत गेले.

मामा वयानुसार निवृत्त झाले. त्यांच्या जागी रीतसर परीक्षा दिलेला एक इंजिनियर आला, मन लावून काम करणारा. ट्रक तो तपासतो. पाटी मात्र त्याच्या कामात बसत नव्हती. ती सुमनने मागून घेतली. तोवर ती गेटवर मदतनीस म्हणून लागली होती आणि मीटर वाचायला शिकली होती. शेवटच्या दिवशी मामांनी तिला खडूचा खोका दिला, पण चेहऱ्यावर काळजी होती. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दहा लिवणं सोपं गं. हाताला सवयच लागती. न मोजलेल्या दिवशी ही काय लिवंल? माझाच हात घसरला, तर तिचं काय?" मी म्हटलं, मामा, आता घरी जाऊन भात बघा. ते हसले, पण त्यांची काळजी काही गेली नाही.

मामा गेल्या वर्षी गेले. लोक लगेच विचारतात म्हणून सांगते, किरणांनी नाही. साखरेने आणि पथ्य न पाळण्याने. हे स्पष्ट लिहिलं नसतं तर ते वरूनही ओरडले असते.

त्याच्या तीनचार महिने आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. खालापूरला एका सरकारी कचेरीत काम होतं म्हणून मी दुपारी लवकर निघाले होते. गेटबाहेर आले तर रस्त्याच्या पलीकडे, नामदेवच्या गाडीजवळ, मामा! हातात औषधांची पिशवी, पायात कापडी बूट, अंगाने अर्धे झालेले. खोपोलीला डॉक्टरकडे आले होते, परतीच्या वाटेवर मुद्दाम उतरले होते. रस्त्यावरच्या इतर माणसांसारखे उभे राहून ते पाटी वाचत होते. मी त्यांच्या नजरेच्या दिशेने बघितलं. सुमनचं अक्षर, थोडं तिरकं, वेलांट्या भलत्याच मोठ्या :

'आज मोजले नाही. यंत्र दुरुस्तीला गेले आहे. उद्या सांगते.'

"मामा!" मी हाक मारली. त्यांनी वळून बघितलं, पण मी कशी आहे, कधी आले, काही विचारलं नाही. पिशवी नामदेवच्या गाडीवर टाकली, दोन्ही हात वर उडवले आणि मधून चाललेल्या ट्रकच्या आवाजातही मला ओरडून सांगितलं, "लिवलं गं तिनं! बाय, लिवलं!"